टणटणी काढली, मग तिथे काय उगवलं?

टणटणी कोयत्याने बुडापासून छाटली की काम झालं असं वाटतं, आणि पहिले दोन-चार पाऊस पडले की त्याच बुडातून कोंबांचा झुपकाच्या झुपका फुटून वर येतो, आधीपेक्षा दाट. हे जंगलात काम केलेल्या कुठल्याही वनमजुराला माहीत आहे, त्यासाठी कुणी पीएचडी करायची गरज नाही. पण मी पीएचडी याच झुडपावर करतेय, आणि ओळखीतलं कुणीही भेटलं की एकच प्रश्न येतो, "अगं पण ती काढून टाकायची ना, त्यात रिसर्च कसला?" याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही म्हणून आज निवांत बसून लिहितेय. टणटणी कशी काढायची हे बऱ्यापैकी माहीत झालेलं आहे. मला बघायचंय ते पुढचं, म्हणजे काढल्यावर त्या जागी काय उगवतं, आणि ते बघायला तिथे कोण थांबतं.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी, टणटणी म्हणजे लँटाना कमारा, कुठे घाणेरी म्हणतात, मध्य प्रदेशाकडे रायमुनिया. छोट्या छोट्या फुलांचे पिवळे-गुलाबी-केशरी गुच्छ, खरखरीत पानं, चुरडली की उग्र वास, खोडाला काटे. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आणली, पुढे बागांमध्ये आणि कुंपणांना लागली आणि तिथून जंगलात शिरली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी २०२० मध्ये जो अंदाज मांडला त्यानुसार भारतात साधारण १,५४,००० चौरस किलोमीटर जंगलात ती पसरलीये, वाघांच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग. आकडा डोक्यात बसत नसेल तर महाराष्ट्राचं सगळं क्षेत्रफळ सुमारे ३,०७,७०० चौरस किलोमीटर आहे, त्याच्या निम्मं धरा. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पेपर बाजूला ठेवून नुसती बसून राहिले होते.

एवढं पसरायला तिला मदत कुणी केली तर सगळ्यांनीच. बुलबुल आणि इतर फळं खाणारे पक्षी तिची काळीनिळी फळं आवडीने खातात आणि बिया झाडाखाली टाकतात, अस्वलंही खातात. हरणं-गुरं पानांना सहसा तोंड लावत नाहीत कारण त्यात लँटाडीन नावाची विषारी द्रव्यं असतात, त्यांनी यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी जळते. म्हणजे बिया पसरवणारे भरपूर आणि पाला खाणारं जवळपास कुणी नाही. त्यात रस्ते, लाकूडतोड, जास्तीची चराई यांनी जिथे जिथे झाडांचं छत उघडं पडलं तिथे ऊन आलं, आणि ऊन मिळालं की ही बाई थांबत नाही. एकदा टणटणीची दाट जाळी झाली की खाली अंधार, गवत मरतं, सागा-धावड्याची रोपं वर येत नाहीत, आणि चितळ-सांबरांना चरायला जे मोकळं रान लागतं ते हळूहळू कमी होत जातं.

आता काढायच्या पद्धतीबद्दल. सी. आर. बाबू आणि त्यांच्या दिल्ली विद्यापीठातल्या टीमने उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात काम करून एक साधी पद्धत बसवली, २००९ मध्ये त्यावर सुरेश बाबू, अमित लव्ह आणि सी. आर. बाबू यांचा पेपर आला. नाव आहे कट रूटस्टॉक. झालंय काय की टणटणीचे नवे कोंब ज्या डोळ्यांतून फुटतात ते खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या भागात असतात. वरून छाटलं की ते डोळे जागे होतात, सगळी मुळं उपटायला गेलं की माती उकरली जाते आणि मातीत झोपलेल्या बिया वर येतात. म्हणून हे लोक काय करतात, झुडपाच्या बुडाशी कुदळीने माती थोडी बाजूला करून मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर तोडतात, आख्खं झुडूप उचलतात आणि उलटं करून ठेवतात, मुळं आकाशाकडे, म्हणजे परत मातीला टेकून रुजायचा प्रश्न नाही. बाकीची मुळं जमिनीतच राहू देतात, माती हलत नाही. महागडं यंत्र नाही, केमिकल नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते कारण ती झाडाची रचना नीट बघून काढलेली आहे.

पण करून बघितलं की कळतं की कागदावर दोन ओळींत बसणारं हे काम प्रत्यक्षात किती जड आहे. जुन्या जाळीत बूड सापडायलाच वेळ लागतो, फांद्या एकमेकांत आणि वरच्या झाडांत अडकलेल्या, आधी वाट करावी लागते. आमच्याबरोबर काम करणाऱ्या गावातल्या बायका जाळीत शिरायच्या आधी मोठमोठ्याने बोलतात, काठ्या आपटतात, कारण दुपारी अस्वल आत झोपलेलं असू शकतं. गोचीड तर धरूनच चालायचं. त्यातल्या एक मावशी, ज्यांनी माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं जंगलात काम केलंय, त्यांनी मला शिकवलं की कुदळ खोडाच्या बाजूने तिरकी घालायची आणि आधी झुडूप हलवून बघायचं, जिकडे कमी हलतं तिकडे मुख्य मूळ. हे कुठल्याच पेपरच्या मेथड्स सेक्शनमध्ये मी वाचलेलं नाही. माझ्या थिसिसमध्ये ते जाणार आहे आणि आभारात नाही, मेथड्समध्येच जाणार आहे.

आणि काढणं हा निम्माच भाग झाला. त्याच पद्धतीत पुढे लिहिलंय की पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली दर पावसाळ्यानंतर जाऊन नवी रोपं उपटायची, आणि मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक गवत-झाडं आणायची. बहुतेक ठिकाणी लंगडं पडतं ते इथेच. काढणीचे फोटो निघतात, हेक्टर मोजले जातात, मार्च येतो, त्या वर्षाचं बजेट संपतं. पुढच्या पावसाळ्यात रोपं बोटभर असताना दोन माणसं सकाळभरात जे उपटू शकली असती त्याला तिसऱ्या वर्षी परत आख्खी टोळी लागते. मी यात कुणा एका ऑफिसला दोष देत नाही, पैसा ज्या पद्धतीने वर्षावर्षाने येतो त्या पद्धतीतच फॉलो-अपला जागा नाही.

माझा प्रयोग याच्याभोवती आहे. मध्य भारतातलं कोरडं पानझडी जंगल, साग, ऐन, धावडा, तेंदू, मधेमधे गवताचे पट्टे. काही प्लॉटमध्ये कट रूटस्टॉक, काहींमध्ये नुसती छाटणी, काहींमध्ये काढून वर स्थानिक गवताचं बी टाकलेलं, आणि काही तसेच सोडलेले, म्हणजे कंट्रोल. कंट्रोलबद्दल जंगलखात्यातल्या लोकांना समजावणं हे सगळ्यात अवघड गेलं, कारण त्यांचं म्हणणं रास्त आहे की बाई तुम्हाला टणटणी काढायचीय आणि तुम्हीच म्हणता की या चौकोनातली काढू नका. पण एखादं वर्ष पावसाचं चांगलं असलं की गवत सगळीकडेच वाढतं, कंट्रोल नसेल तर ते श्रेय मी माझ्या कुदळीला देऊन मोकळी होईन. काढण्याआधीचा डेटाही तेवढाच हवा, नाहीतर नंतर जे दिसतं ते आधीपासूनच होतं का याला उत्तर नाही.

अजून एक गोष्ट, जी एमएस्सी करणाऱ्या मुलांना मी प्रत्येक वेळी सांगते. एका मोठ्या साफ केलेल्या तुकड्यात वीस क्वाड्रॅट (मोजणीसाठी आखलेले छोटे चौकोन) टाकले म्हणजे तुमच्याकडे वीस सॅम्पल झाले असं होत नाही, तो एकच तुकडा आहे वीसदा मोजलेला. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याला स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं आणि तेव्हापासून इकॉलॉजीतल्या पोरांना व्हायवामध्ये हाच प्रश्न पडतो. खरे वेगवेगळे तुकडे हवेत, एकमेकांपासून लांब, वेगवेगळ्या उतारांवर, आणि कुठल्या तुकड्यात काय करायचं हे चिठ्ठी टाकून ठरलेलं. रस्त्याजवळचे सगळे साफ आणि आतले सगळे कंट्रोल असं झालं तर मग आपण टणटणी मोजतोय की रस्ता, काही कळत नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं ते तारेच्या जाळीच्या छोट्या पिंजऱ्यांनी. साफ केलेल्या प्लॉटमध्ये गवत दिसत नव्हतं, आणि सगळ्यांचा समज असा की टणटणीने मातीच खराब केली, तिच्या पानांतली रसायनं दुसरं काही उगवू देत नाहीत. पेट्री डिशमध्ये पानांचा अर्क टाकला की बिया रुजणं कमी होतं हे खूप जणांनी दाखवलंय, पण जंगलातल्या मातीत, पावसात, बुरशी-जिवाणूंच्या गर्दीत तेच तेवढ्याच जोरात होतं का हा वेगळा प्रश्न आहे. म्हणून प्रत्येक साफ प्लॉटच्या एका कोपऱ्यात तारेची जाळी लावून थोडी जागा चरणाऱ्यांपासून बंद केली. पावसाळा संपता संपता आत गवत आणि बाहेर चितळांनी जमिनीसरशी कातरलेली ठोंबं. म्हणजे गवत येत होतं, ते येताक्षणी खाल्लं जात होतं, कारण आजूबाजूला सगळी टणटणी आणि मधे आमचा एवढासा हिरवा तुकडा, सगळा कळप तिथेच येणार. यावरून माझं मत असं झालंय की अगदी छोटे तुकडे साफ करून त्यावरून "गवत परत येत नाही" असा निष्कर्ष काढू नये, आधी बघा कोण खातंय.

सगळ्या ठिकाणी मात्र असं नव्हतं. जिथे टणटणीची जाळी फार जुनी होती तिथे पिंजऱ्याच्या आतही गवत नव्हतं, रानतुळस होती, ओसाडी होती, कडेला गाजर गवत. त्या जागांची माती आणून ट्रेमध्ये पसरून, पाणी घालून, जे उगवेल ते ओळखायचं काम केलं (रोप दोन पानांचं असताना गवताची जात ओळखणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा असते, बरीचशी वाढवून तुरा येईपर्यंत थांबावं लागतं). जुन्या जाळीखालच्या मातीत टणटणी आणि इतर तणांचं बी भरपूर, मारवेल, पवना, शेडा अशा चांगल्या गवतांचं फारच कमी. बऱ्याच गवतांचं बी मातीत फार वर्षं टिकत नाही, वर अंधार झाला, तुरे येणं थांबलं, की काही वर्षांत साठा संपतो. तिथे नुसतं साफ करून सोडणं म्हणजे पुढच्या तणाला जागा करून देणं, तिथे बी बाहेरून आणावंच लागेल आणि ते जवळच्याच रानातलं असावं.

हे फक्त माझ्या प्लॉटचं रडगाणं नाही. कॅरिन केटनरिंग आणि कॅरी रेनहार्ट अ‍ॅडम्स यांनी २०११ मध्ये जगभरातले आक्रमक झाडं हटवायचे असे प्रयोग एकत्र करून बघितले, तर नको असलेली झाडं कमी होतात हे दिसलं पण स्थानिक झाडं त्या मानाने परत येत नाहीत, बऱ्याचदा दुसरंच परकं तण जागा घेतं, आणि बहुतेक प्रयोगांचे प्लॉट लहान, मुदत कमी, खर्चाचा हिशोब तर फार थोड्यांनी दिलेला. आपल्याकडे कान्हामध्ये रजत रस्तोगी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकापेक्षा जास्त आक्रमक झाडं एकत्र असली की परिणाम अजून वाढतो. म्हणजे एकट्या टणटणीला टार्गेट करून बाकीच्यांकडे दुर्लक्ष केलं तर फार काही हाती लागणार नाही.

मग किडे का नाही सोडत, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. ऑस्ट्रेलियात निवडुंगावर १९२६ पासून कॅक्टोब्लास्टिस नावाचा पतंग सोडला आणि त्याच्या अळ्यांनी प्रचंड मोठा प्रदेश मोकळा केला, ते उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. टणटणीवर तसा प्रयत्न हवाईत १९०२ मध्येच सुरू झाला. भारतात १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून टेलिओनेमिया नावाचा जाळीदार पंखांचा छोटा ढेकूण डेहराडूनला आणला, चाचणीत दिसलं की तो सागाच्या फुलांवरही खातो, म्हणून पाळलेले सगळे नष्ट करायचं ठरलं, पण तोवर तो बाहेर निसटला होता. आता तो देशात बऱ्याच ठिकाणी आहे, पानं पिवळी करतो, झुडूप तात्पुरतं मरगळतं आणि पाऊस आला की परत तरारतं. यामागचं एक कारण असं की टणटणी ही एक सरळ जात नाहीच, बागेसाठी शेकडो वाण संकरातून बनवले गेले आणि तेच जंगलात मिसळलेत, एका वाणावर तुटून पडणारा किडा दुसऱ्याकडे बघतही नाही. मी जैविक नियंत्रणाच्या विरोधात नाही, पण ज्या जंगलात साग आहे तिथे किडा सोडायचा तर टेस्टिंगला जितका वेळ लागेल तितका द्यायलाच हवा.

आगीचा विषय मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो. अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम यांनी २००५ मध्ये एक कल्पना मांडली की आग लागली की टणटणी पसरते, ती पसरली की वाळलेलं इंधन वाढतं, मग आग अजून मोठी लागते, असं चक्र. पुढे याच लोकांनी कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगास्वामी डोंगरांत वर्षानुवर्षं काम केलं. १९९७ ते २००८ या काळात तिथे टणटणीने व्यापलेल्या प्लॉटचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं होतं. आणि तिथले सोलिगा लोक सांगत होते उलटंच, की पूर्वी आम्ही उन्हाळ्याच्या सुरुवातीला पालापाचोळ्याची हलकी आग लावायचो तेव्हा टणटणीची रोपं लहानपणीच जळायची, आग बंद केली आणि ती वाढली. संशोधकांनी ते बाजूला न टाकता सोलिगांचं म्हणणं नीट नोंदवून २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. आपलीच आधीची कल्पना अशी लोकांच्या अनुभवासमोर ठेवून तपासणं, याला मी चांगलं विज्ञान म्हणते. याचा अर्थ आता उठून जंगलं पेटवा असा मुळीच नाही, आज जाळी एवढी दाट आहे की हलकी आग हलकी राहणारच नाही, आणि मोठी टणटणी जळाली तरी बुडातून फुटतेच. पण कधी, किती आणि कुठल्या वयाच्या झुडपावर हा प्रश्न आग या एका शब्दात संपत नाही.

विरोधी बाजूही मांडायला हवी. टणटणीच्या जाळीत वाघीण पिल्लं ठेवते, रानडुकरं बसतात, फुलांवर फुलपाखरं भरपूर. एकाच हंगामात शेकडो हेक्टर सपाट केलं तर त्यांना आडोसा राहत नाही. म्हणून मी तुकड्यातुकड्याने, पाणवठे आणि गवताच्या जुन्या पट्ट्यांपासून सुरू करून बाहेर सरकत जायच्या बाजूची आहे, आणि जिथे टणटणी अजून विरळ आहे तिथे आधी, कारण तिथे मातीत अजून गवताचं बी आहे. दाट जाळी फोटोत छान दिसते, साफ केल्यावर अजून छान दिसते, पण त्याच मजुरीत विरळ भागाचं कितीतरी मोठं क्षेत्र वाचतं.

काढलेल्या लाकडाचा उपयोगही होतो. दक्षिणेत टणटणीच्या काड्यांपासून खुर्च्या-टेबलं बनतात, तमिळनाडूतल्या गुडलूरच्या कारागिरांनी केलेले टणटणीचे खऱ्या आकाराचे हत्ती तर २०२१ मध्ये लंडनच्या बागांमध्ये उभे होते. लोकांना रोजगार मिळतो हे फार चांगलं आहे. फक्त फर्निचरला जाड सरळ काड्या लागतात आणि जंगलाला बोटभर रोपं उपटून हवी असतात, त्या रोपांना बाजारात काहीच भाव नाही. त्यामुळे फॉलो-अपची मजुरी वेगळी द्यावीच लागेल, ती विक्रीतून निघणार नाही.

शेवटी वेळेचा मुद्दा, जो माझ्यासारख्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोक्यावर बसलेला असतो. परवानगी मिळेपर्यंत पहिला हंगाम गेलेला असतो, फेलोशिपची मुदत ठरलेली, एमएस्सीच्या मुलांना तर जेमतेम एक पावसाळा मिळतो, आणि टणटणीचं बी मातीत कित्येक वर्षं टिकतं. नेमक्या पावसाळ्यात, जेव्हा रोपं उगवतात, तेव्हा जंगलातले रस्ते वाहून गेलेले असतात. एका थिसिसच्या मुदतीत "यशस्वी" लिहिता येतं ते फक्त काढणीबद्दल. म्हणून मी माझ्या प्लॉटच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी गज ठोकलेत, जीपीएस, झाडावरच्या खुणा, प्रत्येक प्लॉटचा ठरावीक जागेवरून काढलेला फोटो, कुठे काय कधी केलं याची नोंद, सगळं मराठीत एक आणि इंग्रजीत एक अशा दोन प्रतींत ठेवलंय, एक रेंज ऑफिसला आणि एक आमच्या डिपार्टमेंटला, आणि बीट गार्डना (त्या भागाच्या वनरक्षकांना) प्लॉट पायी फिरून दाखवलेत. किती माणसं किती तास लागली हेही लिहून ठेवते, कारण पुढच्या अधिकाऱ्याला संख्याशास्त्रातल्या पी-व्हॅल्यूपेक्षा (दिसलेला फरक निव्वळ योगायोग असू शकतो का ते तपासणारा आकडा) ते जास्त कामाचं आहे.

माझ्यानंतर येणाऱ्या मुलीने नवे प्लॉट आखत बसू नये, हेच घ्यावेत, एवढं मी आमच्या सरांकडे आत्ताच मागून ठेवलंय. यंदाच्या पावसाआधी जुन्या जाळीच्या प्लॉटमध्ये पवना आणि मारवेलचं बी टाकायचंय, गेल्या हिवाळ्यात मावशींनी आणि बाकीच्या बायकांनी शेजारच्या गवताळ पट्ट्यातून ओरबाडून आणलेलं, ते सध्या कापडी पिशव्यांत वाळतंय. पिंजरे काही ठिकाणी गव्यांनी वाकवलेत, ते आधी सरळ करायला हवेत.